सर्वांचं मैदान करताना: आधी पाणी, मग वाट, खेळणी सगळ्यात शेवटी

निधी मंजूर होतो, मार्च तोंडावर येतो आणि खेळण्यांचा कॅटलॉग टेबलावर उघडतो. एक घसरगुंडी, एक सीसॉ, दोन झोपाळे, ओपन जिमचा संच, कडेने पेव्हर ब्लॉक, पुढे कमान. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की घसरगुंडीच्या पायथ्याशी डबकं साचतं. ओपन जिमभोवती गाजरगवत वाढतं. व्हीलचेअरवरचं मूल फाटकापर्यंत येतं आणि तिथल्या गोल फिरत्या फाटकापाशी अडतं. सातवी-आठवीतल्या मुली हळूहळू यायच्या थांबतात. दोन वर्षांनी मैदानात क्रिकेट खेळणारे मोठे मुलगे तेवढे उरतात.

अशी मैदानं मी खूप पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी पैसा कमी पडलेला नव्हता, कामाचा क्रम उलटा झालेला होता. ग्रामपंचायत सदस्य, नगरसेवक, शाळा व्यवस्थापन समिती, तरुण मंडळ किंवा हे काम अंगावर आलेला कनिष्ठ अभियंता, यांच्यापैकी कुणीही असाल तरी पुढचा क्रम धरून चला. उदाहरणासाठी २० गुंठ्यांची, म्हणजे साधारण २,०२० चौरस मीटरची जागा घेतली आहे. तालुक्याच्या गावात किंवा नगरपरिषदेच्या प्रभागात बहुधा एवढीच हाती येते.

पायरी १. कागद हातात घ्या

सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. जागा ग्रामपंचायतीची आहे, शाळेची आहे, गायरान आहे की विकास आराखड्यातलं मैदानाचं आरक्षण आहे, हे लेखी समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. डोक्यावरून विजेची तार जाते का आणि जमिनीखालून पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन जाते का, तेही याच वेळी नकाशावर मांडा.

शहरी भागात झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर १९७५च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. माझा सल्ला असा की झाड जिथे आहे तिथे गृहीत धरूनच आराखडा करा. वीस वर्षांची सावली कोणत्याही निविदेत विकत मिळत नाही.

*सावधान:* गायरानाचा वापर बदलायला ग्रामसभेचा ठराव पुरत नाही, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून यावी लागते. आधी काम आणि मग कागद असं केलेलं मैदान पुढे अतिक्रमणाच्या यादीत जाऊ शकतं.

पायरी २. जागेवर बसा आणि मोजा

तीन वेळा जा: सकाळी सहा ते आठ, दुपारी चारनंतर आणि दिवेलागणीनंतर. एक दिवस कामाचा घ्या, एक रविवार. वहीत चार रकाने करा: लहान मुलं, मोठे मुलगे, मुली आणि बायका, म्हातारी माणसं. कोण कुठे बसतं, कोण कुठून येतं आणि कोण कडेने नुसतं निघून जातं, ते लिहा. पायवाटा आधीच उमटलेल्या असतात. लोकांच्या पायांनी आखलेली ही वाट आराखड्यात मोडू नका, नाहीतर तुमचं कुंपण तिथेच तोडलं जाईल.

वहीत जो दिसणार नाही त्याला शोधणं हे यापुढचं काम, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच. अपंगत्व असलेली मुलं मैदानावर दिसत नाहीत म्हणून "आमच्याकडे तशी मुलं नाहीत" असं बैठकीत सांगितलं जातं. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. कोणत्या वाडीत कोणतं मूल आहे, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्यामार्फत पालकांना भेटा आणि मुलाला काय आवडतं ते विचारा. "अडचण काय आहे?" यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर आराखड्याला जास्त उपयोगी पडतं. कुणाला झोका हवा असतो, कुणाला पाण्यात हात घालायचा असतो, कुणाला फक्त इतर मुलांच्या जवळ बसायचं असतं.

मुलींशी बोलताना मंडळाचे पदाधिकारी सोबत नेऊ नका. शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असू दे. "संध्याकाळी का येत नाहीस?" याची उत्तरं बहुतेक ठिकाणी सारखीच मिळतात: उजेड नाही, शौचालय नाही, बसायला जागा नाही, कट्ट्यावर मुलगे बसलेले असतात, आणि आत शिरलं की बाहेर पडायची वाट एकच आहे.

आणखी एक गोष्ट नीट पाहा: फाटक कोणत्या वस्तीच्या तोंडाला आहे? गावाच्या एका बाजूलाच प्रवेश असेल तर पलीकडच्या वस्तीतली मुलं परक्याच्या अंगणातून आल्यासारखी येतात, किंवा येतच नाहीत. दोन वस्त्यांकडे दोन फाटकं हा खर्च वाचवू नका.

*तपासणी:* आजी, व्हीलचेअर वापरणारं मूल, न दिसणारं मूल, स्वमग्न मूल, तेरा-चौदा वर्षांची मुलगी आणि तान्हं बाळ घेऊन आलेली आई, यांतल्या प्रत्येकाशी किंवा त्यांच्या घरच्यांशी तुम्ही स्वतः बोललात का? नसाल तर पायरी ३ला जाऊ नका.

पायरी ३. पाणी मार्गी लावा

हे काम कुणाला दाखवता येत नाही, म्हणून ते राहून जातं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपल्या २,०२० चौरस मीटरवर एका जोरदार सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला तर जागेवर १ लाख लिटर पाणी उतरतं. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. ते कुठे जाणार, याचं उत्तर मुरमाची पहिली गाडी येण्याआधी हवं.

शक्य असेल तर जागा पावसात पाहा. नसेल तर शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि खुणा शोधा: हिरव्या गवताचा पट्टा, वाळलेल्या गाळाची पापडी, कुंपणाच्या भिंतीवरची ओलीची रेघ. मग फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन पाणी भरा, ते मुरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा मुरायला किती वेळ लागतो ते लिहा. तासा-दोन तासांत मुरलं तर जमीन तुमच्या बाजूची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच दिसलं तर चर आणि उताराशिवाय गत्यंतर नाही.

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात खाली काळी माती निघते. ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेले पेव्हर ब्लॉक वर्षभरात वरखाली होतात, आणि तीच पुढे म्हाताऱ्यांची ठेच आणि व्हीलचेअरचा अडथळा होते. कोर्ट आणि वाटा येणार तिथली काळी माती काढा. चांगला मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. एकदम दोन फूट भराव टाकून वरून एकदाच रोलर फिरवलेली जमीन पहिल्या पावसात बसते. काढलेली काळी माती फेकू नका, झाडांच्या खड्ड्यांना ती लागेल.

खेळाच्या जागेला १०० मीटरला १ मीटर एवढा उतार पुरतो. पण तो एकाच दिशेने दिला तर खो-खोच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि पळणाऱ्याला तो जाणवतो. त्यापेक्षा माशाच्या पाठीसारखा मध्ये किंचित उंचवटा ठेवा. १६ मीटर रुंदीत दोन्ही बाजूंना आठ-आठ सेंटिमीटर उतार मिळतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला पुरतो.

कडेने उथळ, गवताळ चर घ्या. खोल सिमेंटची उघडी गटार नको, तिच्यात चेंडू जातो आणि चेंडूमागे मूल जातं. चरातलं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात सोडा आणि खड्ड्याच्या तोंडाशी गाळ अडवायला छोटी टाकी ठेवा. मैदानावरचं गढूळ पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नका.

धुळीचाही विचार इथेच करा. दादरच्या शिवाजी पार्कवर तांबड्या मातीच्या धुळीबद्दल आजूबाजूचे रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. मैदानाला लागून घरं असतील तर बारीक माती फक्त खो-खो आणि कबड्डीच्या चौकोनापुरती पसरा, बाकी जागेवर जाड मुरूम किंवा स्थानिक गवत राहू दे. चांगलं हिरवंगार लॉन करायचा मोह होतो, पण उन्हाळ्यात ज्या गावात प्यायच्या पाण्याचा टँकर येतो तिथे ते लॉन जगणार नाही, आणि जगवूही नये.

*सावधान:* भराव केल्यानंतर एक पावसाळा जाऊ द्या. निधी मार्चमध्ये परत जाईल ही भीती खरी असते. त्यावर उपाय म्हणून कामाचे दोन टप्पे करा. पहिल्यात जमीन, पाणी, वाट आणि झाडं, दुसऱ्यात खेळणी. दोन्हींची अंदाजपत्रकं वेगळी ठेवा.

पायरी ४. कागदावर नाही, जमिनीवर आखा

बहुतेक आराखडे ए-फोर कागदावर मंजूर होतात. कागदावर सगळं मावतं. म्हणून टेप, दोरी, खुंट्या आणि दोन पोती फक्की घ्या आणि सगळा आराखडा खऱ्या मापाने मैदानावर आखा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मापं अशी: खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, भोवती दीड मीटरची मोकळी पट्टी धरून ३० बाय १९. कबड्डी पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर, महिलांसाठी १२ बाय ८. व्हॉलीबॉल १८ बाय ९, भोवती तीन मीटर धरून २४ बाय १५. सगळी कोर्टं लांबीने उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही.

तिन्ही खेळ हवेत असा आग्रह होतो. २० गुंठ्यांत तिन्ही वेगवेगळे मांडले तर लहान मुलांसाठी उरतो तो शौचालयामागचा कोपरा. माझ्या मते कबड्डी आणि व्हॉलीबॉल २४ बाय १६ मीटरच्या एकाच चौकोनात घ्यावेत. फक्त व्हॉलीबॉलचे खांब काढता येणारे हवेत. ते कायमचे रोवले तर कबड्डीच्या बाजूच्या रेषेपासून जेमतेम हातभर अंतरावर लोखंड उभं राहतं आणि पकड सोडवून बाहेर झेपावणारा चढाईपटू थेट त्याच्यावर आदळतो. असे दोन्ही खेळ आणि खो-खो मिळून साडेनऊशे चौरस मीटर जातात. एक हजाराहून थोडी जास्त जागा लहान मुलं, वाटा, झाडं आणि बसण्यासाठी उरते.

लहानग्यांची जागा फाटकापासून जवळ ठेवा, पण रस्त्याला लागून नको. आया आणि आज्या जिथे बसतील तिथून ती पूर्ण दिसली पाहिजे. मध्ये उंच झुडपांची ओळ घालू नका. ऐकू न येणाऱ्या मुलाला आईचा हात दिसायला हवा. स्वमग्न मुलांसाठी गर्दीपासून थोडी बाजूला, तीन बाजूंनी आडोसा असलेली शांत जागा ठेवा. तिथून खेळ दिसावा, पण आवाज अंगावर येऊ नये.

आता क्रिकेट. मोकळा मध्य सोडला की टेनिस बॉलचं क्रिकेट तो पूर्ण व्यापतं आणि बाकी सगळे भिंतीला टेकतात. यासाठी मुलांवर रागावण्यात अर्थ नाही, त्यांनाही खेळायला जागा हवी. पण एकच मोठी सपाट जागा ठेवण्याऐवजी वाटांनी, कमी उंचीच्या कट्ट्यांनी आणि झाडांनी तिचे तीन-चार भाग करा. व्हिएन्ना शहरात नव्वदच्या दशकात असं आढळलं होतं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली उद्यानांत दिसेनाशा होतात. तिथे उद्यानाचे भाग पाडले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत आल्या. आपल्याकडेही मुलींसाठी वेगळं कुंपण घालायची गरज नाही. एका गटाने सगळी जागा व्यापू नये एवढी रचना पुरे.

गणपती, नवरात्र, लग्न यांचा मंडप या मैदानावर पडणारच. "मनाई आहे" अशी पाटी लावून काही होत नाही. त्याऐवजी कोर्टाबाहेरच्या पट्ट्यात झाकणं असलेले लोखंडी पाइप कायमचे गाडून ठेवा, मंडपाचे खांब त्यातच उभे राहतील. नाहीतर दर वर्षी खो-खोच्या मैदानात पहारीने चाळीस खड्डे पडतात.

*तपासणी:* फक्कीची आखणी झाली की संध्याकाळी सगळ्यांना बोलवा. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला फाटकापासून प्रत्येक चौकोनापर्यंत जाऊ द्या. चौथीचा एक वर्ग आणून मोकळा सोडा. कोण कुणावर आदळतं ते पाहा, मग फक्की पुसा आणि पुन्हा आखा. दोनदा पुसावी लागली तर काम चांगलं चाललं आहे.

पायरी ५. वाट, फाटक, बसणं, शौचालय

फाटकापासून लहान मुलांच्या जागेपर्यंत, कोर्टांच्या कडेपर्यंत, पाण्याच्या नळापर्यंत आणि शौचालयापर्यंत एक अखंड घट्ट वाट हवी. अखंड या शब्दावर मी अडून बसतो. एका बागेच्या उद्घाटनाला फाटकापाशी सुंदर उतार होता, आत गुळगुळीत वाट होती, आणि झोपाळ्याच्या अलीकडे दहा मीटर वाळू होती. व्हीलचेअरवरची एक मुलगी त्या वाळूच्या कडेला तासभर थांबून परत गेली. आराखडा मीही पाहिला होता. वाळू माझ्या लक्षात आली नव्हती.

* वाटेची रुंदी किमान १.२ मीटर, दोन व्हीलचेअर समोरासमोर जाण्यासाठी १.८ मीटर. वळणाच्या आणि थांबायच्या ठिकाणी दीड बाय दीड मीटर मोकळी जागा.
* उतार १२ला १, त्याहून चढा नको. १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांब रॅम्प लागतो, ४५ सेंटिमीटरच्या जोत्याला ५.४ मीटर. अडीच फुटांत उरकलेला रॅम्प म्हणजे घसरगुंडीच.
* पृष्ठभाग खरबरीत काँक्रीटचा, ब्रूम फिनिशचा, म्हणजे ओलं असताना वरून झाडू फिरवलेला. चकचकीत टाइल पावसाळ्यात सगळ्यांनाच पाडते.
* फाटक उघडल्यावर मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर. दुचाकी अडवण्यासाठी गोल फिरतं फाटक किंवा नागमोडी पाइप लावले जातात, आणि ते व्हीलचेअर आणि बाळाची गाडी या दोन्हींनाही अडवतात. दुचाकीवाल्यांसाठी बाहेर पार्किंगची जागा आखा. दुचाकी आत येण्याचं खरं कारण बहुधा तेवढंच असतं.
* बाकाला पाठ आणि हात हवेत, उंची ४५ ते ५० सेंटिमीटर. हात नसलेल्या बाकावरून आजीला उठता येत नाही. बाकाशेजारी ९० सेंटिमीटर पक्की जागा रिकामी सोडा, म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस इतरांच्या ओळीत बसेल.

कमी दिसणाऱ्यांसाठी वाटेची कड वेगळ्या, ठळक रंगाची करा, आणि वाट वळते तिथे पायाला जाणवेल असा उठावाचा पट्टा द्या. दिव्याचा खांब, कचरापेटी, पाटी यांपैकी काहीही वाटेत येता कामा नये.

शौचालय सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मागच्या कोपऱ्यात बांधलं जातं. ते फाटकाजवळ, उजेडात, बसायच्या जागेवरून दार दिसेल असं बांधा. एक कक्ष किमान २.२ बाय २ मीटरचा, आडव्या पकडदांड्यांचा आणि बाहेर उघडणाऱ्या किंवा सरकत्या दाराचा घ्या. मुलींच्या बाजूला आत कडी, खुंटी, झाकणाची कचरापेटी आणि पाणी हवं. मैदानावर मुली टिकणार की नाही हे झोपाळ्यापेक्षा या खोलीवर जास्त अवलंबून असतं.

*सावधान:* पैसे कमी पडले की आधी रॅम्प आणि शौचालयावर काट मारली जाते. अंदाजपत्रकाच्या टिपणीतच २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा आणि केंद्र सरकारच्या २०२१च्या सार्वत्रिक सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख करा. मग काट मारणाऱ्याला ती लेखी मारावी लागते.

पायरी ६. सावली

झाडं जून-जुलैत, भराव झाल्याबरोबर लावा, खेळणी येण्याआधी. पश्चिम आणि नैर्ऋत्य कडेला मोठी झाडं घ्या, म्हणजे चार वाजताचं ऊन अडतं. कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, ताम्हण, कांचन ही आपल्या हवेत टिकणारी झाडं. जांभूळ कोर्टापासून लांब ठेवा, पिकलेल्या फळांवरून पाय घसरतो. वड-पिंपळ मोठ्या जागेच्या कोपऱ्यातच, मुळं वाट उचलतात.

काय लावू नये, हे जास्त महत्त्वाचं. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, या दोन्ही विषारी आहेत. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला घेतात, म्हणून ती मैदानाच्या आसपासही नको. गुंजेचा वेल, धोत्रा तसेच. गुलमोहर वेगाने वाढतो पण त्याच्या फांद्या वादळात तुटतात. नारळ खेळाच्या जागेवर नको.

झाडं मोठी होईपर्यंत पाच-सात वर्षं जातात. तोवर शेडनेट किंवा पत्र्याचा मांडव लहान मुलांच्या जागेवर घाला. तुळस, गवती चहा, पुदिना कमरेइतक्या उंचीच्या वाफ्यात लावा. न दिसणाऱ्या मुलांना वासावरून जागा ओळखता येते आणि व्हीलचेअरवरून हात पोचतो.

पायरी ७. आता खेळणी

आधी पडण्याची जागा ठरवा, मग खेळणं निवडा. मुलं पडणारच. काँक्रीटवर किंवा पेव्हरवर बसवलेलं खेळणं मी मंजूर करत नाही, मग ते कितीही महाग असो.

स्थिर खेळण्याच्या चारही बाजूंना किमान १.८ मीटर मोकळी, मऊ जागा हवी. झोपाळ्याच्या पुढे आणि मागे, वरच्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. दांडा अडीच मीटरवर असेल तर पुढे पाच आणि मागे पाच मीटर. एका चौकटीत दोनपेक्षा जास्त झोपाळे नकोत.

खाली धुतलेली, गोल दाण्याची वाळू किंवा लाकडाचा भुगा किमान ३० सेंटिमीटर जाड हवा. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालत नाही, ती दबून फरशीसारखी घट्ट होते. वाळूत व्हीलचेअर जात नाही, म्हणून वाटेपासून किमान एका झोपाळ्यापर्यंत आणि घसरगुंडीपर्यंत रबराचा पट्टा द्या. सगळीकडे रबर करायची गरज नाही. ते महाग असतं आणि विदर्भातल्या मे महिन्यात उघड्या उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. धातूची घसरगुंडी असेल तर तिचं तोंड उत्तरेला करा आणि वर सावली द्या.

निवड करताना "दिव्यांगांसाठी एक वेगळा कोपरा" हा प्रस्ताव नाकारा. तिथे ते मूल एकटंच बसतं. सगळ्यांच्या मधोमध असं ठेवा की शेजारी शेजारी खेळता येईल: जाळीचा मोठा गोल झोका, त्यात दोन-तीन मुलं झोपून झुलतात, मान न धरू शकणारं मूलही, पाठ आणि पट्टा असलेला एक झोपाळा नेहमीच्या झोपाळ्याच्या शेजारी, गुडघे खाली जातील असं वाळूचं टेबल, जमिनीलगत वाजवायची लोखंडी पाइपची घंटा, आईला सोबत घसरता येईल अशी रुंद घसरगुंडी. यातलं बरंचसं गावातला वेल्डर करू शकतो आणि मोडलं तर दुसऱ्या दिवशी जोडूही शकतो. मोडलेल्या भागासाठी सहा महिने कंपनीची वाट पाहण्यापेक्षा हे बरं. कोकणात समुद्राजवळ साधं लोखंड रंगवून टिकत नाही, पूर्ण गॅल्व्हनाइज केलेलं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलंच घ्या.

जुन्या टायरची खेळणी स्वस्त आणि लोकप्रिय. प्रत्येक टायरला तळाशी तीन-चार भोकं पाडा, नाहीतर त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. तारा बाहेर आलेला टायर बाद करा.

*तपासणी, बसवल्याच्या दिवशी:*

१. ९ ते २३ सेंटिमीटरमधली कोणतीही बंद फट चालणार नाही. अंग जातं आणि डोकं अडकतं.

२. घसरगुंडीच्या माथ्यावरून एक ओढणी चार वेळा घसरवा. कुठे अडकली तर ती फट बुजवा किंवा तो बोल्ट कापा.

३. झोपाळ्याच्या साखळीचा हुक पूर्ण दाबलेला हवा. फटीत एक रुपयाचं नाणं शिरलं तर तो उघडा आहे.

४. पायाच्या काँक्रीटचा माथा वाळूच्या खाली पुरलेला असावा. टिकावाने उकरून पाहा.

५. कठड्याचे दांडे उभे हवेत. आडवे असतील तर मूल शिडीसारखं चढतं.

पायरी ८. निविदेत काय लिहायचं

"खेळणी पुरवणे व बसविणे, १ संच" अशी ओळ असेल तर कंत्राटदार खेळणी आणून मुरमावर उभी करील, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. मऊ जागेची जाडी, मोकळ्या पट्टीचं माप, पायाची खोली, गॅल्व्हनायझिंग, रॅम्पचा उतार या प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र बाब लिहा. मुरमाचे थर मोजमाप पुस्तिकेत थरानुसार नोंदवा, शेवटी एकदम नाही. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यावर निघालेले दोष कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, किमान एक पूर्ण पावसाळा आला पाहिजे. सुट्या साखळ्या, बेअरिंग आणि झोपाळ्याच्या बैठका यांचा एक जादा संच पहिल्याच खरेदीत घ्या.

दिवे कोर्टाच्या बाहेर, कडेला. वाटेवर आणि शौचालयाच्या दारावर आधी उजेड, कोर्टावर नंतर. एकच उंच हायमास्ट लावला की मध्यभागी लख्ख उजेड आणि कडेला दाट काळोख होतो, आणि मुलींना भीती वाटते ती त्या कडेचीच.

पायरी ९. वेळापत्रक आणि वही

फाटकापाशी वेळापत्रक रंगवा. कोणत्या कोर्टावर कधी कोण, हे मुलींच्या संघाशी बोलून आधी लिहा आणि मग बाकीच्यांचं. उरलेल्या वेळात जागा दिली तर मुलींच्या वाट्याला दुपारचे दोन येतात. अक्षरं मोठी आणि सोबत चित्रं असू देत.

देखभालीला एक माणूस नावानिशी ठरवा आणि त्याचं मानधन दर वर्षीच्या अर्थसंकल्पात लिहा. वही अशी ठेवा: रोज काच, कुत्र्यांची घाण, शौचालयाचं पाणी, दर आठवड्याला वाळू उकरून सारखी करणं, कारण झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी ती पसरून खाली उघडी जमीन लागते, दर महिन्याला साखळ्या, हुक, बोल्ट, वाळवी, गंज, मे अखेरीस चर आणि शोषखड्ड्याचा गाळ, पावसाळ्यात गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटणं. मोडलेलं खेळणं त्याच दिवशी काढा किंवा बांधून बंद करा. दुरुस्तीची वाट पाहत उभं ठेवू नका.

वहीत शेवटचा एक रकाना पायरी २चा ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच तीन वेळांना जाऊन बसा आणि तेच चार रकाने भरा. मुलींचा आकडा हलला नसेल, विशेष शिक्षकांनी सांगितलेली मुलं अजून दिसत नसतील, तर त्या घरांत पुन्हा जा आणि काय अडलं ते विचारा. एका ठिकाणी सगळं जमलं होतं, फक्त फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उघडी गटार होती आणि तिच्यावर फरशी नव्हती. दोन फरश्या टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा यायला लागला.